डाव्या टाचेसाठी उजव्या मनगटात सुई

आमच्या मिरजेला औषधोपचारासाठी कुठून कुठून माणसं येतात. कर्नाटकातून येतात, कोकणातून येतात. स्टेशनवर उतरलेल्या दर दुसऱ्या माणसाच्या हातात एक्स-रेचं पाकीट असतं. आणि मी अस्सल मिरजेची बाई, तसंच पाकीट घेऊन त्याच स्टेशनवर उलट दिशेच्या गाडीत चढले. पोचवायला आलेले आमचे हे खिडकीशी उभं राहून म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मी म्हटलं, "कळसा रिकामा निघाला, म्हणून वळसा."

खोटं नव्हतं ते. मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून माझा उभा जन्म गेला. शिट्टी मी फुंकायची आणि धावायचं मुलींनी. पन्नाशी आली तेव्हा एकदा वाटलं, ही मजा सगळी दुसऱ्यांनीच का घ्यावी? दुसऱ्या दिवशी पहाटे पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घालून म्हैसाळ रस्त्याला लागले. पहिले काही महिने रस्त्यावरचे लोक विचारत, "बाई, मागं कुत्रं लागलंय काय?" पुढे त्यांना सवय झाली आणि मला व्यसन लागलं. ज्येष्ठांच्या स्पर्धांमध्ये जाऊ लागले. तिथे आम्हा बायकांची शंभर मीटर आणि थाळीफेकीवर बोळवण करत. यंदा मात्र मार्चमधल्या स्पर्धेत पंचावन्नच्या पुढच्या बायकांना प्रथमच पाच हजार मीटर ठेवले. पाच हजार! आणि नेमकी त्याच्या आधीच माझ्या डाव्या टाचेच्या मागची शीर धरली.

सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकला की शीर वाळलेल्या चाबकासारखी ताठ. गोळ्या झाल्या, पट्ट्या झाल्या, शेक झाला. शेवटी ज्यांना दाखवलं ते म्हणाले, "या वयात धावून काय मिळवायचंय? संध्याकाळी देवळापर्यंत चालत जा." मी त्यांची फी दिली आणि दार जरा जोरातच लावलं. दिवाळीत माझी जुनी विद्यार्थिनी सुमन माहेरी आली होती. तिला पालघरला दिलंय. ती म्हणाली, "बाई, आमच्याकडे तारापूरच्या बाजूला एक चिनी डॉक्टर आहेत. सुया टोचतात. माझ्या सासऱ्यांची कंबर त्यांनीच सरळ केली." चिनी म्हटल्यावर माझे कान टवकारले. सगळे उपाय करून झाले होते, चीन तेवढा राहिला होता.

पालघर आणि सातपाटी

जानेवारीतल्या एका दुपारी पालघरला उतरले. सुमनने जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ केली होती. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ही भाकरी म्हणजे पांढराशुभ्र रुमालच. चार खाल्ल्या तरी पोटात काही गेल्यासारखं वाटेना, आणि तासाभराने उठवेना. सुमन म्हणाली, "आता आराम करा." मी म्हटलं, "समुद्र कुठे आहे?"

सातपाटीला जायला एसटी आहे, सुमनला घेऊन तीच धरली. शिरगाव मागे पडलं आणि खिडकीतून तो वास आला. सुक्या मासळीचा. आमच्याकडे बाजारात सुकटाचं एक पोतं ठेवलं तरी चार दुकानं नाक मुरडतात. इथे सगळं गावच त्या वासात राहतं, झोपतं, लग्नं लावतं. बांबूच्या उंच मांडणीवर बोंबील वाळत घातलेले, हजारोंनी, दोन-दोन जबडे एकमेकांत अडकवून. त्या मांडणीला वलांडी म्हणतात. वाऱ्यावर ते सगळे एकदम हलत होते. खाडीत रंगवलेल्या होड्या, त्यांच्यावरची निशाणं, आणि धक्क्यावर बायकांचा असा कल्ला की आमच्या शाळेची मधली सुट्टी परवडली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

मग ते घडलं. तीन कोळणी डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन एसटीकडे निघाल्या आणि आमच्या पुढे गेल्या. आता माझा स्वभाव असा, की माझ्यापुढे कोणी चाललेलं मला खपत नाही. लग्नाच्या वरातीतसुद्धा मी नवरदेवाच्या पुढे असते. मी पाय उचलले. त्यांनीही उचलले, म्हणजे त्यांना मी दिसलेसुद्धा नसेन, त्यांची चालच तशी. डोक्यावर ओझं, मान ताठ, पाण्याचे थेंब गालावरून ओघळताहेत, आणि तोंडाने भांडण चालू. मी धावायलाच लागले. दहा-पंधरा पावलांतच टाचेत अशी कळ आली की मी रस्त्यातच खाली बसले.

मागे वळून एकजण म्हणाली, "काय झाला गो? काटा भरला?"

"नाही, शीर धरलीय," मी म्हटलं.

"मंग डाग देवून घे," ती म्हणाली आणि चालू लागली. सुमन मला उठवत होती आणि हसू दाबत होती.

नवापूर

दुसऱ्या दिवशी बोईसरहून एसटीने नवापूरच्या बाजूला आलो. कारखान्यांची धुराडी मागे पडली, मिठागरं आली, मग ताडाची झाडं, आणि एकदम चिकूच्या वाड्या. अशाच एका वाडीत चिनी डॉक्टरांचं घर. मी मनात एक बारीक डोळ्यांचा, लांब दाढीचा म्हातारा तयार करून ठेवला होता. बाहेर आले ते धोतर आणि बंडी घातलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेले वामनराव. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच बागाईतदार.

"तुम्ही चीनला कधी होता?" मी विचारलं.

"चीन मी नकाशात पाहिलाय," ते म्हणाले. "तरुणपणी कलकत्त्याला इस्पितळात नोकरीला होतो. तिथल्या चिनी वस्तीत एक म्हातारा वैद्य होता. त्याच्या पायाशी बसून शिकलो. पण मला कलकत्त्याचा डॉक्टर म्हणून कोण विचारणार?"

हा माणूस मला तिथेच आवडला.

त्यांनी एक्स-रे उजेडात धरूनही पाहिला नाही. जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी बघितली, मग शीर दोन बोटांत धरून वरपासून खाली चाचपली. "कधीपासून दुखतंय?" "वर्ष होईल." "आणि धावणं कधी बंद केलंत?" मी एक्स-रेचं पाकीट पिशवीत कोंबू लागले. "म्हणजे केलंच नाही," ते म्हणाले. त्यांची अट सरळ होती. दोन आठवडे इथे राहायचं, ते सांगतील ते करायचं, आणि ते म्हणेपर्यंत एक पाऊलही धावायचं नाही. मार्चचं आणि त्या देवळाचंही त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शीर जगली तर मार्च आहे. तुटली तर खरंच देवळापर्यंत जायची सोयही राहणार नाही."

राहायची सोय त्यांनी त्यांच्याच एका पेशंटकडे केली होती. जनाबाय, नवापूरच्या मच्छीमार वस्तीतली, माझ्याच वयाची. मुलगा बोटीवर, सून माहेरी बाळंतपणाला. बाई दोन्ही गुडघ्यांनी हैराण होती, पण बोईसरच्या बाजारात मासळी विकायला जायचं काही सोडत नव्हती. तिच्या गुडघ्यांवर चवलीएवढे काळे डाग होते. तापलेल्या लोखंडाने दिलेले. डोंगरातल्या भगताकडून ते घेऊन आली होती.

"दुखलं असेल," मी म्हटलं.

"दुकलं तं! आंगात्‌ला आजार बाहेर पडाला पायजे का नाय?" ती म्हणाली. "डाक्टरच्या सुयांनी गुण हाय, पन मागं कायच दिसत नाय. इलाज केला का नाय केला, लोकांना कसा समजंल?"

मला तिचं म्हणणं पटलं. व्यायामाच्या बाबतीत माझंही तत्त्व तेच होतं. अंग मोडून आलं नाही तर तो व्यायाम कसला?

पहिल्या सुया घेताना मी डोळे गच्च मिटून घेतले. केसाएवढी सुई. टोचल्याचं कळलंही नाही. वामनराव ती बोटांत फिरवू लागले आणि विचारू लागले, "आलं का?"

"काय आलं का?"

"जड वाटलं की सांगा. मुंग्या आल्या, ओढ लागली, काहीही."

मी म्हणणार होते की काही नाही, तेवढ्यात पोटरीतून टाचेपर्यंत काहीतरी सरकत गेलं. दुखणं नव्हे, पाण्याची धार आत सोडावी तसं. मी ओरडलेच, "आलं! आलं!" बाहेर ओट्यावर बसलेले सगळे पेशंट हसायला लागले.

सुयांनंतर काचेचे पेले. पेल्यात क्षणभर जाळ फिरवायचा आणि पोटरीवर पालथा घालायचा की तो कातडी ओढून धरतो. आपल्याकडे न्हावी तुंबड्या लावत, तेच हे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण मी जन्मभर मुलींना ऐकवली. आता त्या भिंतीचा अनुभव घेतला. मग शेवटी धूप. वाळलेला पाला कागदात वळून केलेली जाड कांडी, विडीच्या दसपट. ती पेटवायची आणि टाचेपासून दोन बोटं दूर धरून ऊब द्यायची. तिचा धूर नाकात गेला आणि मी उठूनच बसले. जोतिबाच्या डोंगरावर चैत्रात येतो तो वास! "दवण्याच्याच जातीचा पाला आहे," वामनराव म्हणाले, "चिनी लोक औषधाला जाळतात." मला काय आनंद झाला! आम्ही जो देवाला वाहतो तो ते पायाला लावतात. चीन एकदम कोल्हापूरच्या शेजारी आला.

पुढचे दिवस फार मजेत गेले. सकाळी ओहोटी लागली की वामनराव मला वाळूवर चिनी चाल शिकवायचे. एक पाऊल उचलायचं, श्वास संपेपर्यंत हवेत धरायचं, मग टाच, मग चवडा, मग अंगाचा भार. माझ्यासारखीला हे म्हणजे जन्मठेप. शेजारून जाळी खांद्यावर घेतलेले लोक जात आणि एखादा विचारी, "मास्तरीनबाय, वालूत काय हारावला?" गार पाणी बंद, आल्याचं पाणी चालू. जनाबाय ताज्या बोंबलांचं कालवण करायची. आमच्याकडे मटण म्हटलं की तांबडा रस्सा, घाम, नाक वाहणं. इथे बोंबील जिभेवर ठेवला की विचारतो, जाऊ का? आणि जातो. एका रविवारी वामनरावांच्या घरून उकडहंडी आली. मडक्यात वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, वांगी, वरून रानपाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. पाण्याचा एक थेंब न घालता शिजतं. ती मी इतकी खाल्ली की जनाबाय म्हणाली, "जपून, टाचेवर भार येल."

आणि खरं सांगते, पाय सुधारत होता. सकाळचा ताठरपणा कमी झाला. जिना उतरताना कठड्याला धरावं लागेना. एवढ्यावर मी सुखाने राहिले असते, तर ती मी कसली?

बोईसर

जनाबायबरोबर बोईसरच्या बाजारात गेले होते. तिथे एका गल्लीत मराठी, दुसरीत हिंदी, तिसरीत गुजराती. पाळी सुटलेले कामगार सायकली ढकलत भाजी घेत होते. तेवढ्यात लाऊडस्पीकर लावलेली रिक्षा आली. सव्वीस जानेवारीला कामगारांची धावण्याची शर्यत, बोईसरहून बेटेगाव गाठून परत, पन्नाशीच्या पुढच्यांना वेगळं बक्षीस.

माझ्या अंगावर काटा उभा राहिला. जनाबायला पाटीपाशी तशीच सोडून मी नाव द्यायच्या ठिकाणी गेले. टेबलामागे काळा गॉगल लावलेले, पोट सुटलेले एक सुपरवायझर बसले होते.

"नाव लिहून घ्या," मी म्हटलं.

"मिस्टरांचं?"

"माझं."

त्यांनी गॉगल काढून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मावशी, लेडीजसाठी लिंबू-चमचा आहे. दुपारी. क्लबच्या मैदानात."

मी त्यांना लिंबाचं काय करायचं ते सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही पळालात तर तुम्हाला कोण अडवणार? पण नंबर मिळणार नाही आणि बक्षीसही नाही. मी स्वतः पळणार आहे पन्नाशीच्या गटात, आधीच सांगून ठेवतो."

परत येताना एसटीत माझं डोकं एकच गणित करत होतं. सव्वीस तारीख आठवड्यावर. पाय अर्धा बरा आहे. इथे एकदा धावून पाहिलं की मार्चचं कळेल. नुसती दुरून ऊब देऊन अर्धा बरा होतो, तर जवळून दिली तर? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! मी जनाबायला विचार बोलून दाखवला. तिचे डोळे चमकले. "मी डाक्टरला कवापासून सांगतंय, टेकव म्हून. त्यो ऐकतच नाय."

वामनरावांनी घरी ऊब द्यायला एक कांडी दिलेली होतीच. दुपारी मागच्या पडवीत आम्ही दोघी बसलो. मी पालथी पडले, दातांत पदराचा बोळा धरला आणि म्हटलं, "टेकव."

तिने टेकवली.

माझी किंकाळी ऐकून शेजारच्या वलांडीवरचे सगळे कावळे उडाले. जनाबाय मात्र समाधानाने म्हणाली, "आता कसा इलाज झाला!"

संध्याकाळपर्यंत टाचेच्या मागे, नेमका बूट घासतो तिथे, रुपयाएवढा फोड आला.

दुसऱ्या दिवशी वामनरावांनी टाच उजेडात धरून पाहिली. मग चष्मा काढून ठेवला. "भाकरी शेकायला सांगितली होती, तुम्ही पापड भाजलात. आता या जागी मला सुई टोचता येणार नाही, पेला लावता येणार नाही, ऊब देता येणार नाही. सगळं बरं होत आलं होतं, बाई!" मग दारात उभ्या जनाबायकडे वळून म्हणाले, "आणि तू!"

"तीच सांगं टेकव म्हून," जनाबाय म्हणाली आणि दाराआड झाली.

मला रडू आलं. फोडासाठी नव्हे. शिट्टी फुंकण्यात जन्म घालवल्यावर उशिरा सापडलेली एकच गोष्ट माझी स्वतःची होती, आणि ती मी माझ्याच हट्टाने घालवायला निघाले होते. सव्वीस तारखेचंही मी सांगून टाकलं. मार्च गेला असं धरूनच मी बोलत होते.

वामनरावांनी सुयांची डबी पुढे ओढली. मग म्हणाले, "उजवा हात द्या."

"पण दुखतोय डावा पाय."

"माहीत आहे. हात द्या."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पण वाद घालायचं तोंड मला उरलं नव्हतं. चिनी वैद्यांचा हिशेब असा, की डाव्या टाचेचं दार बंद असेल तर उजव्या मनगटाच्या दाराने आत जायचं. खालच्यासाठी वर, डाव्यासाठी उजवं. त्यांनी तळहात जिथे मनगटाला मिळतो तिथे सुई घातली, ती हलके फिरवत राहिले आणि म्हणाले, "आता डावा पाय घोट्यातून गोल फिरवा. सावकाश." मी फिरवला. मनगट जड झालं, कोपरापर्यंत ओढ गेली. पाय आणखी फिरवला. आणि सकाळपासून ज्या जागी शीर अडत होती तिथे ती अडली नाही. मी पुन्हा फिरवला. नाही अडली! "अहो," मी म्हटलं, "हे काय आहे?" "मलाही पुरतं ठाऊक नाही," वामनराव म्हणाले. "म्हातारा करायचा, मी करतो." असं म्हणणारा डॉक्टर मी मिरजेत एकही पाहिला नाही.

तो आठवडाभर रोज मनगटात सुई आणि वाळूवर चिनी चाल. शर्यतीच्या आदल्या दिवशी वामनरावांनी शीर चाचपली आणि स्वतःहून विषय काढला. "धावा उद्या. पण बेटेगावपर्यंतच. जाताना धाप न लागता बोलता आलं पाहिजे इतपत वेगाने. बेटेगावला थांबायचं, दुखो वा न दुखो, आणि एसटीने परत यायचं. तेवढं अंतर पायाने सोसलं तर मार्चसाठी मी तुम्हाला तयार करतो. त्यापुढे एक पाऊल टाकलंत, तर मात्र दुसरा डॉक्टर बघा. माझ्यावर शिरेची जबाबदारी आहे, तुमच्या हट्टाची नाही." ते स्वतः येणार नव्हते. सुट्टीच्या दिवशी ओटा भरलेला असतो.

आता प्रश्न बुटाचा. फोड फुटून खपली धरत होती, आणि कॅनव्हासची कड बरोबर तिथेच बसायची. जनाबायने बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिला, विळीवर बसली, आणि सुरमईचं शेपूट उडवावं तसा त्याचा मागचा भाग उडवला. मग जाळ्याचा नायलॉन दोरा घेऊन बूट घोट्याभोवती असा बांधला की वादळातही होडी सुटायची नाही. "माझाच हातान्‌ जळली ना टाच," ती पुटपुटली.

बेटेगाव

सव्वीसच्या सकाळी बोईसरला धुकं होतं. स्टेशनच्या पूर्वेला शंभरेक कामगार जमले होते. बनियनवर, लुंगी खोचून, काही अनवाणी. गॉगलवाले सुपरवायझर पांढऱ्या हाफपँटमध्ये वाकून पायाचे अंगठे शोधत होते. माझा कापलेला बूट बघून ते म्हणाले, "मावशी, फॅशन छान आहे." शिट्टी झाली. आयुष्यात प्रथमच शिट्टीच्या या बाजूला असल्यासारखं मला वाटलं. दर वेळी तसंच वाटतं.

सगळे सुसाट पुढे गेले आणि मी मागे. सावकाश! मला! पहिल्या वळणापर्यंत मी डोळे रस्त्याला लावून फक्त टाचेचं ऐकत होते. टाच, चवडा, भार. काही नाही. पुढे रस्त्याच्या कडेला काही कामगार गर्दी करून उभे होते. त्यांच्यातला एकजण धावत पुढे आला आणि हातवारे करू लागला, "माताजी, साइड में हो जाइए, रेस आ रही है!"

"अरे बाबा, मीच रेस आहे!" मी ओरडले. त्यांना शब्द कळले की नाही कोण जाणे, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

घरं विरळ झाली. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातशेतं, मधूनच ताड, आणि समोर धुक्यातून वर येणारे डोंगर. सुसाट गेलेले आता एकेक करून गळू लागले होते. कोणी पोट धरून चालतोय, कोणी मैलाच्या दगडावर बसलाय. मी बोलता येईल एवढ्याच वेगाने जात होते, स्वतःशीच मोठ्याने बोलतही होते, आणि माणसं मागे पडत होती. मग पांढरी हाफपँट दिसली. सुपरवायझरांचा गॉगल घामाने नाकावर घसरला होता. त्यांच्या शेजारून जाताना मी म्हटलं, "लिंबू-चमचा दुपारी आहे ना?" मला राहवलंच नाही.

आणि बेटेगाव आलं. रस्त्यावर फक्कीने आडवी रेघ मारलेली, पिंपातून पाणी देणारे दोघे-तिघे, आणि रस्त्याकडेला पाटी मांडून बसलेली जनाबाय. पहिल्या एसटीने येऊन ती बेटेगावकरांना बोंबील विकत होती. मला बघून गुडघ्यांची आठवणही न ठेवता उभी राहिली. "आली गो आली! मास्तरीनबाय, पाय चालतंय?"

"चालतोय!"

"दुकत नाय?"

"नाही!"

"मंग थांबतं कशाला? पळ! पुडं सात-आटच हायत. डाक्टरला मी नाय सांगं! पळ!"

रेघ समोर होती. मी खाली वाकून शीर दाबली. जोरात दाबली. नखाने दाबली. काही नाही. वर्षभर हा पाय मला म्हणत होता की थांब, आणि मी धावत होते. आज सगळं अंग म्हणत होतं, चल, रस्ता मोकळा आहे, दम आहे, परतीला उतार आहे. पन्नाशीच्या गटातला एकही माणूस माझ्या पुढे नव्हता. मागून पावलांचा आवाज जवळ येत होता.

मी रेघेच्या अलीकडे उभी राहिले. पिंपाच्या कडेला धरून उभी राहिले, कारण न धरता थांबणं मला जमत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. पाच हजार मीटर. मार्चमध्ये मी पाच हजार मीटर धावणार होते. जनाबाय कपाळावर हात मारून काहीतरी बोलत होती. मला ऐकू येत नव्हतं.

पांढरी हाफपँट धापा टाकत आली. सुपरवायझरांनी रेघ ओलांडली, पिंपाला वळसा घातला आणि माझ्यापाशी क्षणभर थबकले. गॉगल वर सारून म्हणाले, "काय मावशी, दमलात?"

मी पिंप सोडलं, दोन्ही टाचा रस्त्यावर नीट टेकवल्या आणि सगळ्या बेटेगावला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हो, दमले! तुम्ही व्हा पुढे."